दोन्ही बाजूंना पाय

आमच्या घरी फटफटी आली, तेव्हा आईने तिला हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि दादाला सांगितलं की आता ही गोठ्यात बांध. दादा हसून लोळायचा बाकी राहिला. पण आईचं तरी काय चुकलं? ओट्यासमोर जे काही उभं राहतं ते रात्री बांधायचं असतं, एवढंच तिला ठाऊक. दादा अंजूरफाट्याकडच्या एका लूममध्ये जॉबर होता, म्हणजे माग अडला की तो चालू करून देणारा माणूस. त्याच्या शेठने नवी गाडी घेतली आणि जुनी दादाच्या गळ्यात मारली. ती चालू व्हायला किक मारून मारून माणूस घामाघूम व्हायचा, आणि एकदा चालू झाली की आमच्या आख्ख्या टेमघर गावाला कळायचं की दादाची शिफ्ट आहे. आमच्या घराच्या एका अंगाला भाताची शेतं होती आणि दुसऱ्या अंगाला नव्याने उठलेल्या पत्र्याच्या शेड. त्या शेडमधली खटाखट दिवसरात्र चालायची. ती थांबली तरच आम्हाला जाग यायची, म्हणजे लाइट गेली. त्या खटाखटीत आता फटफटीची भर पडली. बाबा म्हणायचे, घरात एकमेकांशी ओरडून बोलायची सोय झाली. ते स्वतः मात्र कधी ओरडले नाहीत. कुठलाही प्रश्न पुढे आला की ‘बघू’ म्हणायचे आणि विळा घेऊन शेतावर निघून जायचे.

फटफटीवर मागे बसायचा पहिला मान हिरावहिनीचा. वहिनी दादाशी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते, आणि ती माझ्याहून फार मोठी नव्हती. अंगाने काटक. डोक्यावर दोन हंडे आणि काखेत कळशी घेऊन ती विहिरीवरून अशी झपझप यायची की मागून येणाऱ्या बायका हाका मारून थकायच्या. सुक्या जवळ्याची चटणी तिच्या हातची खावी. गरम तांदळाच्या भाकरीवर ती चटणी घेऊन आम्ही दोघी चुलीपाशीच उभ्यानं खायचो आणि आई म्हणायची, बसा गं, घोड्यांनो. वहिनी घरात लुगडंच नेसायची, कासोटा मारलेलं, गुडघ्यापर्यंत, आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारखं. पण फटफटीवर बसून भिवंडीत जायचं म्हणजे ती पाचवारी पातळ नेसायची. शेठच्या गाडीवर बसायचं तर शहरातल्या बायकांसारखं बसायचं, असं दादाचं म्हणणं. शहरातल्या बायका बसायच्या तशीच ती बसे: दोन्ही पाय डाव्या बाजूला, मांडीवर पिशवी, एक हात दादाच्या खांद्यावर आणि दुसरा पिशवीवर. दोन्ही बाजूंना पाय टाकून बाईने बसायचं हे तर कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आता पदराचं सांगते, कारण सगळं रामायण त्यानेच घडवलं. आमच्या भावकीत सासरा, थोरला दीर किंवा सासऱ्याचा थोरला भाऊ समोर आला की सुनेने पदर कपाळापर्यंत ओढायचा. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना मोठे बाबा म्हणायचो, शेजारच्याच घरात राहायचे. आमच्या दोन्ही घरांत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचं खाकरणं ऐकू आलं की आईचा आणि वहिनीचा हात आपोआप डोक्याकडे जायचा. हातात पीठ असो, शेण असो, जळतं लाकूड असो, आधी पदर. माणसाला शिंक येते तसं ते होतं, ठरवून कुणी करत नव्हतं.

त्या दिवशी दादा आणि वहिनी बाजाराला निघाले होते. धामणकर नाक्यावर तेव्हाही गर्दीच. सुताच्या गाठोड्यांच्या हातगाड्या, टांगे, ट्रक, आणि शिफ्ट सुटली की रस्त्यावर माणसंच माणसं. नाक्यावरच्या चहाच्या हॉटेलाबाहेर मोठे बाबा बसले होते. दादाने ट्रकला वाट द्यायला गाडी वळवली, वहिनीला मोठे बाबा दिसले, आणि तिने दादाच्या खांद्यावरचा हात काढून पदर ओढला. एक हात पिशवीवर, एक पदरावर. पाय दोन्ही एका बाजूला. गाडी वळली आणि वहिनी सरळ रस्त्यावर पडली. दादाला ती मागे नाही हे कळलं ते लोक ओरडले तेव्हा. लूमवरच्या माणसांनी ट्रकवाल्याला थांबवलं. “अरे रोको, रोको, औरत गिरी है!” असं ओरडत ते ट्रकच्या पुढेच उभे राहिले. त्यातल्या चौघांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं, आणि प्लास्टर घातल्यावर खाटेवर घालून घरी आणलं तेही त्यांनीच. मांडीचं हाड मोडलं होतं. खाट ओट्यावर टेकली तेव्हा वहिनीने डोळे उघडले आणि दादाला विचारलं, “पदर व्हता ना डोक्यावं?”

मी हे कानांनी ऐकलं. मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला, आणि तो राग आज सत्तरी उलटली तरी पुरता गेलेला नाही. त्यात भर म्हणजे गावाने केलेलं कौतुक. बायका भेटायला यायच्या, खाटेशी बसायच्या, पानाला चुना लावता लावता म्हणायच्या, पडली पन पदर न्हाय सोडला हो. मोठे बाबा ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगायचे. “आमच्या घरची सून हाय ती. मरनाच्या दारान पन लाज सांभालली तिना.” आणि वहिनी आत खाटेवर, कमरेपासून खाली पांढऱ्या प्लास्टरमध्ये, छताकडे बघत पडलेली. एकदा मी तिला विचारलं की तुला बरं वाटतं का गं हे ऐकून. ती म्हणाली, “सुमन बाय, मना पायाला खाज सुटलेय आन् हात पोचत न्हाय. बाकी कोन काय बोलतंय त्याचा मना काय बी वाटत न्हाय.” मग मी मोरीतला लांब खराटा आणला, त्याची एक काडी काढली आणि प्लास्टरच्या आत घालून तिचा पाय खाजवला.

त्याच काळात माझी बालवाडीची नोकरी जमली. मानकोलीच्या पुढे खाडीकडच्या एका गावात महिला मंडळाने बालवाडी काढली होती आणि त्यांना मॅट्रिक झालेली मुलगी हवी होती. आमच्या आळीत मॅट्रिक झालेली मी एकटी. त्याचा उपयोग तोवर एवढाच झाला होता की कुणाचं पत्र आलं की मला हाक यायची. बालवाडी सकाळची, आणि त्या वेळेला पोचवेल अशी एकही एसटी नव्हती. दादा म्हणाला, मी फटफटीवर मानकोलीपर्यंत सोडीन आणि माघारी अंजूरफाट्याला ड्युटीवर जाईन. बाबा ‘बघू’ म्हणाले, म्हणजे त्यांचा विरोध नव्हता. आईनेही मान हलवली. फक्त ती म्हणाली, “नीट बस. एका बाजूला पाय, साडी आवरून.”

“मी एका बाजूला पाय टाकून बसणार नाही,” मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं की वहिनी कशी पडली ते तुम्ही बघितलंत. पुरुष दोन पाय दोन बाजूंना टाकून घट्ट बसतो, त्याला गाडी मांडीत धरता येते, आणि बाईला मात्र फळीवर ठेवलेल्या घागरीसारखं ठेवता. मी दादासारखी बसेन. आईने कपाळाला हात लावला. “येडी झालीस? पातल नेसून तशी बसशील तर साडी कमरेला जाईल. आन् सून म्हनून कोन करील तुना?” मी म्हटलं, मग जात नाही. बाबा म्हणाले, मग नको जाऊस. इतक्या लवकर ते कधीच कुठला निर्णय घेत नसत.

ती नोकरी गेली असती तर माझं पुढे काय झालं असतं ते मला स्वच्छ दिसत होतं. मोठ्या बाबांनी एक स्थळ काढून ठेवलेलंच होतं. मुलाच्या घरी शेती होती, रेतीची होडी होती, आणि मॅट्रिकचं सर्टिफिकेट ठेवायला एक मोठी पेटीही होती असं म्हणत. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. आई ताट वाढायची आणि मी ते संपवायची, कारण रागातसुद्धा बोंबलाचं कालवण सोडण्याइतकी मी कधीच खुळी नव्हते.

मार्ग काढला तो वहिनीने. मी तिची वेणी घालत होते. ती म्हणाली, “तू लुगडं का न्हाय नेसत?” मला आधी कळेना. ती म्हणाली, “भाताची आवनी करतांव ना आमी, गुडघाभर चिखलान, वाकून, समोर मोठे बाबा उभं. कासोटा हाय म्हनून कुटं काय दिसतंय? गारीवं बसलीस तरी काय दिसनार हाय? पदर कमरेला खोच. दोन्ही हात मोकले.” आणि मग हळूच म्हणाली, “मी त्या दिवशी लुगडं नेसले असते तर...” तिने वेणीचा पेड माझ्या हातातून ओढून घेतला आणि स्वतःच घालायला लागली.

खरं सांगायचं तर मला लुगड्याची लाज वाटत होती. शाळेत जाऊन मी पातळवाली झाले होते. लुगडं म्हणजे अडाणी बायकांचं, चिखलातलं, मासळीबाजारातलं, असं माझ्या डोक्यात भरवलेलं होतं, आणि भरवणाऱ्यांत आमच्या शाळेतल्या बाई पहिल्या. आईलाही तेच वाटलं. “शिकून सवरून शेवटी लुगड्यावं आली,” म्हणून ती डोळ्याला पदर लावून बसली. पण लुगड्याला ती नाही कशी म्हणणार? स्वतः तेच नेसून बसली होती. वहिनीने मला खाटेजवळ उभं केलं आणि पडल्या पडल्या, हात लांब करून, माझा कासोटा खेचून घट्ट मारला. इतका घट्ट की मला श्वास घ्यायला जड गेलं. “सुटला तर मना सांग,” ती म्हणाली.

पहिल्या दिवशी मी फटफटीवर पाय टाकला तेव्हा शेजारची म्हातारी ओरडली, “अगो बाय, पोरगी घोड्यावं चढली!” दादाचे कान लाल झाले. पण त्याने किक मारली. टेमघर सोडेपर्यंत मी डोळे मिटून होते, मग उघडले. मागे बसणं ही काही नुसती बसून राहायची गोष्ट नाही, हे मला पहिल्या वळणावरच कळलं. दादा उजवीकडे कलला आणि मी घाबरून डावीकडे, गाडी डगमगली आणि दादा खेकसला, “माझ्या उलटी जाऊ नको! माझ्या पाठीसारखी तुझी पाठ ठेव!” मग मी त्याच्या पाठीकडे बघून शिकले. तो कलला की मी कलायचं. खड्डा दिसला की पाय खुंट्यांवर दाबून बूड जरा उचलायचं. गाडी उभी राहिली तरी पाय खाली सोडायचे नाहीत. डबा मांडीवर न ठेवता पाठीशी बांधायचा. आणि उतरायचं ते डावीकडून, कारण उजवीकडे तापलेला सायलेन्सर. हे शेवटचं मला कुणी सांगितलं नव्हतं. गुडघ्यापर्यंतच्या लुगड्याने पोटरी उघडी, आणि मी मानकोलीला ऐटीत उजवीकडून उतरले. कातडी सोललीच. बालवाडीतल्या पोरांच्या आयांनी त्यावर कोरफड लावली. त्या सगळ्या लुगड्यातल्या, आणि नवी बाईही लुगड्यातली बघून त्यांनी मला पहिल्याच दिवशी घरात घेतलं. घरी मात्र मी तो डाग पोटरीला चिंधी बांधून लपवला, कारण आईला कारणच हवं होतं. डाग अजून आहे. परवा धामणकर नाक्यावर सिग्नलला स्कूटरवरच्या एका मुलीची ओढणी चाकाकडे लोंबत होती, तर मी नातवाला गाडी तिच्या शेजारी घ्यायला लावली आणि ती ओढणी तिच्या गळ्यात कोंबली. ती म्हणाली, थँक्यू आजी. नातू म्हणाला, तू रस्त्यात कुणालाही धरतेस. धरते. माझ्या डोक्यावर हेल्मेट असतं, माझे पाय दोन बाजूंना असतात, मला तेवढा हक्क आहे.

मोठे बाबा आले ते आठवड्याभरात. ओट्यावर बसले, पण पाणी घेतलं नाही. आई दाराआड उभी राहिली. ती त्यांच्याशी कधीच थेट बोलत नसे. काही सांगायचं झालं की मला सांगायची आणि मी दोन पावलं पुढे जाऊन तेच परत म्हणायची. मोठे बाबा बाबांना म्हणाले, “तुझी पोर नाक्यावरून तंगड्या फाकवून जातेय. लोकां मना विचारतान. स्थलवाले काय बोलतील?” बाबांनी विळ्याकडे हात नेला. मीच बोलले. म्हटलं, “मोठे बाबा, लोकांना सांगा, ती पडू नये म्हणून तशी बसते.” ते माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. “बाईमानसाची अब्रू मोठी का हाड मोठं?” असं त्यांनी बाबांना विचारलं. मी म्हटलं, “हाड.” आईने दाराआडून माझा दंड धरून आत ओढलं आणि एक ठेवून दिली. ओट्यावर बाबा म्हणत होते की हिरेचा पाय बरा होईपर्यंत जाऊ दे पोरीला, नंतर बघू. मोठे बाबा म्हणाले, ठीक, नंतर मी विचारीन.

म्हणजे माझी नोकरी वहिनीच्या पायावर टांगली होती. ती लवकर बरी व्हावी असं मला वाटायचं आणि लगेच, जरा उशिराच व्हावी असंही. प्लास्टर सुटलं, तेव्हा आतून निघालेला पाय काटकीसारखा होता. ती आधी भिंत धरून, मग काठी घेऊन, मग नुसतीच चालायला लागली. पाय जरा आखूड राहिला. हंडे पुन्हा तिच्या डोक्यावर चढले नाहीत. तिच्या मागून येणाऱ्या बायका आता तिच्या पुढे जायच्या, आणि जाताना वळून बघायच्या. ते मला बघवायचं नाही.

डॉक्टरांनी शेवटचं दाखवायला बोलावलं, तेव्हा दादा म्हणाला बैलगाडी जुंपतो. वहिनी म्हणाली, नको. ती आत गेली आणि लुगड्याचा कासोटा आवळून, पदर कमरेला खोचून बाहेर आली. डोक्यावर मात्र पदराचं एक टोक होतंच. चढताना तिचा आखूड पाय थरथरत होता, मी खालून आधार दिला. तिने दोन्ही हातांनी दादाचा शर्ट असा धरला की त्याचं बटण तुटलं. दादाने विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, “वाटते. चालव.”

मी त्या दिवशी सुट्टी घेतली होती. ती दोघं परत आली तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत होते आणि बाबा शेतावरून नुकते आले होते. वहिनी उतरली, डावीकडून, आणि लंगडत आत गेली. तिचं डोकं उघडं होतं, केस वाऱ्याने विस्कटलेले. दादा अजून गाडी लावतो आहे तोच मोठे बाबा आले. ते नाक्यावरून पायी आले होते आणि धापा टाकत होते. ओट्यावर चढले नाहीत, अंगणातच उभे राहिले.

“मी हाटेलावं बसलो व्हतो,” ते बाबांना म्हणाले. “ही माज्या समोरून गेली. पदर उडाला वाऱ्यान. तिना मना बगितला, आन् हात काय उचलला न्हाय. गारी धरूनच बसली. माज्या डोल्यान बगत गेली.” त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. “तू बोल्ला व्हतास नंतर बघू. आता नंतर झाला. आता सांग. या दोघी उद्यापासून तशा बसनार का न्हाय?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले आणि मला कळलं की ते आता बघू म्हणणार नाहीत, थोरल्या भावापुढे मान डोलावणार. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. बालवाडीत सकाळी पोरं दारात येऊन थांबतील आणि मी नसेन, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात दार वाजलं आणि आई बाहेर आली. दाराआड नाही, ओट्यावर, अगदी कडेपर्यंत. तिच्या हाताला पीठ होतं आणि पदर खांद्यावर होता.

“भावजी,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्यांना समोरून हाक मारत होती. “त्या दिवशी पदर व्हता तिच्या डोक्यावं. चार मानसांनी उचलून आनली तिना. आज आपल्या पायान चालत आली. मना अशीच पायजे. दोघी बी.”

मोठे बाबा तिच्याकडे बघत राहिले, आणि तीही खाली न बघता त्यांच्याकडेच बघत राहिली. मग तिने विचारलं, “चा ठेवते. घेनार का?”